डाय करायचा की पांढरे केस तसेच ठेवायचे?

आमच्या कोल्हापुरात आधी एक पांढरा केस दिसला की लगेच मेंदी नाहीतर डाय, लग्नसराईत तर पार्लरमध्ये रूट टचअपला नंबर लावून बसायचं, आता मात्र सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या बायकांत सरळ पांढऱ्या वेण्या दिसतात आणि मला ते लई आवडतंय.

डायचं काम तासाभरात होतं, पण केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात, म्हणजे तीन-चार आठवड्यात भांगात पांढरी रेघ परत हजर. शिवाय काळ्या डायमध्ये बहुतेकदा पीपीडी नावाचं रंगाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी आली की कपाळ, कान, पापण्या सुजतात, म्हणून 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघाच, दरवेळी. काळी मेंदी म्हणून मिळते त्यातही पीपीडी असू शकतं, नुसत्या मेंदीनं पांढरा केस केशरी होतो, काळ्यासाठी वरून इंडिगो पावडर लावावी लागते.

पांढरे ठेवले तर खर्च वाचतो, पण मधला काळ अवघड. खांद्याएवढे केस असतील तर अर्धे काळे अर्धे पांढरे असं दोनेक वर्षं चालतं, आणि त्यात घरचेच "काय गं, आजारी हाईस काय?" विचारतात. हे बायकांनाच जास्त ऐकावं लागतं, ते मला अजिबात पटत नाही.

माझं मत पांढऱ्यालाच. पण एखादीला काळेच आवडत असतील तर खुशाल करा, फक्त सासूच्या नाहीतर शेजारणीच्या बोलण्यावरून नको. आणि पांढरे ठेवायचे ठरलंच तर आधी बॉयकट करून घ्या, लई सोपं जातं.