डिझेल पिकअपचे वाढणारे ऑइल : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंजिन ऑइल कमी होत असल्याची तक्रार पुष्कळ जण करतात; माझी तक्रार ते वाढत असल्याची आहे. माझ्या डिझेल पिकअपच्या डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही पलीकडे गेलेली दिसली, त्या ऑइलला डिझेलचा स्पष्ट वास येत होता, आणि त्यानंतर लवकरच डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागून गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवण्यासाठी शक्ती कमी करणाऱ्या स्थितीत) गेली. गाडीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण हा दोष एका मॉडेलचा नाही. ज्या डिझेल इंजिनाला काजळीचा फिल्टर आहे आणि ज्याच्या वाट्याला मुख्यतः लहान फेऱ्या येतात, अशा बहुतेक इंजिनांत तो उद्भवू शकतो. हेच मॉडेल टर्बो पेट्रोल इंजिनातही मिळते. दोन्हींची शक्ती, टॉर्क आणि गिअरबॉक्स यांची माहिती पुस्तिकेत आहेच, म्हणून ती पुन्हा लिहीत नाही.

ऑइल वाढते कसे, हे समजून घेतल्याशिवाय इंजिनाची निवड करू नये, असे माझे मत झाले आहे. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी त्याचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते, आणि साध्या वापरात डिझेलचा धूर तितका तापत नाही. म्हणून इंजिनाचा संगणक ठरावीक प्रमाणात काजळी साठली की सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल फवारतो. ते धुराबरोबर बाहेर पडून कॅटॅलिस्टमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळते आणि त्या उष्णतेने फिल्टर तापतो. मात्र या उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. पेट्रोल ऑइलमध्ये मिसळले तर इंजिन गरम झाल्यावर त्यातील बरेचसे उडून जाते. डिझेल तितक्या सहजी उडत नाही. त्यातच काजळी जाळण्याची ही प्रक्रिया, म्हणजे रीजनरेशन, पूर्ण होण्यास साधारण दहा ते वीस मिनिटे सलग चालवणे आवश्यक असते, आणि ते अर्धवट असताना गाडी बंद केली तर पुढच्या वेळी तीच प्रक्रिया पुन्हा सुरू होते. अशा प्रत्येक अपुऱ्या प्रयत्नात आणखी थोडे डिझेल ऑइलमध्ये जाते. पैसे मोजून टाकीत भरलेले डिझेल ऑइल पातळ करण्याच्या कामी यावे, हे माझ्यासारख्या हिशेबी माणसाला सहन होण्यासारखे नाही.

रीजनरेशन चालू आहे हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत, पण गाडी ताब्यात देताना त्या कोणीही सांगितल्या नाहीत. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा किंचित वाढलेले असतात, स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) काम करत नाही, पडद्यावरचे तात्कालिक मायलेज एकदम खाली येते, आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो. यांपैकी काही दिसले तर इंजिन बंद न करता आणखी थोडे अंतर चालवणे हा त्यावरचा एकमेव स्वस्त उपाय आहे.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव मात्र चांगला नव्हता. तेथे पहिल्याच भेटीत डीपीएफ बदलावा लागेल, आणि गाडी वापरण्याची पद्धत योग्य नसल्यामुळे तो वॉरंटीत येणार नाही, असे सांगण्यात आले. फिल्टरमध्ये काजळी किती आणि राख किती, याचे स्कॅनरवरील आकडे मी छापील स्वरूपात मागितले. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण काजळी जळते आणि राख जळत नाही. राख प्रामुख्याने इंजिन ऑइलमधील रसायनांपासून तयार होते, ती अतिशय सावकाश साठते, आणि तिने फिल्टर भरला तरच तो काढून साफ करण्याचा किंवा बदलण्याचा प्रश्न येतो. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते ते यासाठीच. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर आकडे मिळाले. राख नगण्य होती आणि काजळी भरपूर होती. याचा अर्थ फिल्टर शाबूत होता आणि स्कॅनर जोडून केलेले सक्तीचे रीजनरेशन पुरेसे होते. तसे केल्यावर दिवा गेला. त्यानंतर ऑइल बदलण्याचा मी आग्रह धरला, तेव्हा ऑइल बदलण्याचे किलोमीटर अजून भरलेले नाहीत, असे उत्तर मिळाले. ज्या ऑइलमध्ये डिझेल मिसळले आहे त्याचा दाटपणा कमी झालेला असतो आणि बेअरिंगांवर पुरेसा थर टिकत नाही. किलोमीटर भरण्याशी त्याचा संबंध नाही. अखेर ऑइल बदलले गेले, पण ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’ असा शेरा मारून पूर्ण बिल माझ्याच माथी मारण्यात आले.

त्या वेळी हा अनुभव लिहिला असता तर डिझेलच्या वाटेला कोणी जाऊ नये, असे सरळ लिहिले असते. नंतर मात्र काही काळ कामाचे स्वरूप बदलले, हौदा भरून आणि मागे ट्रेलर जोडून लांबच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि माझे मत बरेच बदलले. लांब चढावर हे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास राहून शांतपणे ओढते. गिअर खाली टाकण्याची वेळ क्वचितच येते. ४०० न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला २००० फेऱ्यांवर मिळाला काय किंवा २०० न्यूटन-मीटरचा ४००० फेऱ्यांवर मिळाला काय, शक्ती दोन्हीकडे सारखीच, सुमारे ८४ किलोवॉट असते, आणि चढ शक्तीवरच चढला जातो. त्यामुळे पेट्रोल इंजिन ओढू शकत नाही, हा समज खरा नाही. फरक इतकाच की तेवढ्याच कामासाठी त्याला अधिक फिरावे लागते, आणि तासन्‌तास तो आवाज ऐकत चालवणे थकवणारे असते. या फेऱ्यांमध्ये डीपीएफची कोणतीही कुरबूर झाली नाही आणि डिपस्टिकवरील पातळीही जागची हलली नाही. ती मी अजूनही दर आठवड्याला पाहतो. घरच्यांना ते अती वाटते.

उतारावर मात्र डिझेलकडून फार अपेक्षा ठेवू नये. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून इंजिन ब्रेकिंगही (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाने गाडीला रोखणे) जास्त, असे पुष्कळदा ऐकू येते. ते बरोबर नाही, कारण दाबलेली हवा पिस्टन खाली जाताना बहुतेक ऊर्जा परत देते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) बंद झाल्यामुळे हवा ओढण्यास जो अडथळा होतो, त्यातून ब्रेकिंग मिळते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारी सोय) नसलेली डिझेल गाडी भरून उतरवताना गिअर आधीच खाली घेणे आवश्यक आहे.

तेच मॉडेल पेट्रोलमध्ये घेतलेल्या एका परिचिताची गाडी मी भारासह आणि भाराविना चालवून पाहिली. रिकामी असताना ती अधिक चपळ आणि शांत आहे. लहान फेऱ्यांची तिला भीती नाही. काही पेट्रोल इंजिनांनाही आता कणांचा फिल्टर असतो, पण त्यांचा धूर मुळातच अधिक गरम असल्यामुळे तो बहुधा आपोआप साफ होत राहतो. भार चढला की मात्र चित्र पालटते. टर्बो पेट्रोल इंजिन जोराने ओढत असताना टर्बो आणि कॅटॅलिस्ट फार तापू नयेत म्हणून अनेकदा गरजेपेक्षा जास्त इंधन देते, आणि मायलेज डोळ्यांदेखत कोसळते. मायलेजची तुलना करताना एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक ऊर्जा असते, हेही लक्षात घ्यावे. डिझेलचे सगळेच श्रेय इंजिनाचे नाही.

खर्चाचा हिशेब मी दोनदा मांडला. पहिल्या हिशेबात गाडीची जादा किंमत, धूर शुद्ध करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण आणि लवकर बदललेले ऑइल धरल्यावर डिझेलची बचत जवळजवळ संपली. लांबच्या फेऱ्यांनंतरच्या दुसऱ्या हिशेबात ती पुन्हा दिसू लागली. ऑइल मी आता पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलतो, आणि तो खर्च धरूनच हे म्हणतो आहे. युरियाच्या द्रावणाची टाकी रिकामी झाली तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, एवढे लक्षात ठेवले की त्या बाबतीत आणखी काही करावे लागत नाही.

वजनाची बाब खरेदीच्या वेळी सहसा दुर्लक्षित राहते. गाडीचे एकूण मान्य वजन दोन्ही इंजिनांना सारखेच असेल, तर डिझेल इंजिन जितके जड तितकी हौद्यात भरण्याची क्षमता कमी होते, आणि ते वजन पुढच्या आसावर येते ते वेगळेच. म्हणून ‘भार वाहायचा म्हणजे डिझेल’ असे ठरवण्यापूर्वी दोन्ही गाड्यांची रिकामी वजने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. विक्रेत्याला विचारण्याजोगा दुसरा प्रश्न असा की रीजनरेशनसाठीचे डिझेल सिलिंडरमध्ये फवारले जाते की एक्झॉस्ट पाइपमधील वेगळ्या इंजेक्टरमधून. काही इंजिनांत अशी वेगळी सोय असते, आणि ती असेल तर रीजनरेशनचे डिझेल ऑइलपर्यंत पोहोचतच नाही. मी विचारल्यावर विक्रेत्याने मला सनरूफची माहिती दिली होती.

ज्यांची गाडी बहुतेक वेळा रिकामी किंवा अर्धी भरलेली असते आणि इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते, त्यांनी पेट्रोल घ्यावे. भाराच्या दिवसांत इंधन जास्त जाईल, ते जाऊ द्यावे. ज्यांच्या फेऱ्या लांब आणि भरलेल्या आहेत त्यांनी डिझेल घ्यावे आणि डिपस्टिकशी ओळख ठेवावी. माझी गाडी मी विकणार नाही. जवळची कामे आता जुन्या छोट्या पेट्रोल गाडीने होतात आणि पिकअप फक्त लांब पल्ल्यासाठी निघते. सर्व्हिस सेंटरने लेखी तक्रारीनंतर ऑइलच्या बिलातील निम्मी रक्कम परत केली आहे; उरलेल्या निम्म्यासाठीचे माझे पत्र त्यांच्याकडे पोहोचले आहे आणि पोच माझ्याकडे आहे.