दिवाळी ते श्रावण: रिस्टोअर केलेल्या येझदी 250 चा अनुभव

बडोद्यात ही गाडी घेऊन रावपुऱ्यातून निघालं की सिग्नलला पहिला प्रश्न ठरलेला: ‘केटलामां पडी?’ म्हणून पैशांपासूनच सुरुवात करतो. 1979 ची येझदी 250, म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, कागद चालू, इंजिन जाम, अशी ती साधारण 70 हजारांना मिळाली. कामाचा खर्च दीड लाखाच्या वर गेला. एवढ्यात 2022 पासून मिळणारी नवी, 334 सीसीची फोर-स्ट्रोक येझदी घरी आली असती. तरी दिवाळीपासून रोज चालवल्यावर मला वाटतं, पैसे योग्य जागी गेले. फक्त ती जागा फोटोत दिसत नाही.

सगळ्यात मोठा खर्च क्रँकचा, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल चाकासारखी फिरती करणाऱ्या भागाचा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत, येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये चढतं, त्यामुळे क्रँककेस हवाबंदच लागते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की क्रँकचे ऑइल सील वाळून कडक होतात. मग तिथून हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि भर दुपारी हायवेवर पिस्टन सीज होतो, म्हणजे अडकून बसतो. टाकीवरचा रंग कितीही चकचकीत असला तरी हे टळत नाही. आमच्या मिस्त्रींनी इंजिन पूर्ण खोललं, प्रेसवर क्रँक उघडून कनेक्टिंग रॉड, पिन आणि बेअरिंग बदललं. मग बारीकसा वाकडेपणा दाखवणारा डायल गेज लावून क्रँक सरळ करायला बसले. हलकेच ठोकायचं, फिरवून काटा बघायचा, पुन्हा ठोकायचं. त्यात दुपार सरली. हे हात आता गावात फार उरलेले नाहीत, आणि मजुरी खरं तर त्या हातांची आहे. बिल बघून मी एक शब्दही बोललो नाही.

सुट्या भागांचं दुखणं वेगळं. येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी 1996 मध्ये बंद पडली, तेव्हापासून जे मिळतं ते जुन्या दुकानांतला उरलासुरला माल किंवा नव्याने कोणीतरी पाडलेलं. नव्यातलं काही उत्तम असतं, काही बसवतानाच वाकतं. पिस्टन घेताना मिस्त्री स्वतः मायक्रोमीटर घेऊन दुकानात आले होते. क्रोमने मात्र निराश केलं. चांगलं काम म्हणजे आधी तांबं, मग निकेल, वर क्रोम. आमच्या सायलेन्सरला खालचे थर नीट दिलेच नव्हते, आणि पहिल्या पावसातच ठिपके उठले. क्रोमचं काम देताना थर कोणकोणते देणार ते आधी विचारा, आणि बिलावर लिहून घ्या.

आता चालवण्याबद्दल. किक आणि गिअरचा दांडा एकच आहे. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की खाली आणून गिअर. पायाने गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, हात लिव्हरवर नसला तरी चालतं. मांडवीच्या गर्दीत याची इतकी सवय झाली की भावाच्या नव्या गाडीवर बसलो की डावा पाय चुकतो. एकाच सिलिंडरमधून निघालेले दोन सायलेन्सर आणि त्यांचा तो ठोका. पावागडच्या रस्त्याला साठाच्या आसपास गाडी धरली की हँडलची थरथर शांत होते, आणि तो तासभर मला आठवडाभर पुरतो. दांडिया बाजारातले एक काका संध्याकाळी मुद्दाम थांबवून फक्त ती चालू करायला लावतात. त्यांच्या लग्नाच्या वेळी घरात जावा, म्हणजे येझदीच्या आधीची गाडी, होती.

ब्रेक कमजोर आहेत. दोन्हीकडे ड्रम, नवे लायनर घालूनही अंतर राखूनच चालवावं लागतं. अलकापुरीत रिक्षा कधी वळेल याचा नेम नाही. 6 व्होल्टचा डायनॅमो मी काढून 12 व्होल्टचं किट बसवलं. मूळ भाग तेल लावून डब्यात ठेवले आहेत. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये 21 गन सॅल्यूट हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा भरली होती, तशा स्पर्धेत या बदलाचे गुण जातील. रात्री घरी परतणाऱ्याला उजेड जास्त महत्त्वाचा. पेट्रोलमध्ये लिटरमागे 40 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) मी स्वतः मोजून घालतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं, म्हणून नळी आणि कार्बोरेटरचे सील बदलून घेतले. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करतो.

चेसिस कापून कॅफे रेसर, म्हणजे वाकून चालवायची रेसरसारखी गाडी, करून देणारेही भेटले, स्वस्तात. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, न जुळणारा बदल चालत नाही, आणि कापलेली चेसिस पुन्हा जुळत नाही. येझदीची ती गोल टाकी आणि लांब सीट सोडून तिला दुसरं काही बनवावं असं मला कधी वाटलंही नाही.

दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. 20 वर्षांवरच्या दुचाकीला त्याची फी आता 2000 रुपये आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षं पूर्ण झाली की व्हिंटेज नोंदणी करता येते: फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आमची गाडी 2029 मध्ये त्यात बसेल. पण व्हिंटेज नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर येते. त्यामुळे मी तो अर्ज करणार नाही. सकाळी खंडेराव मार्केटला भाजी आणायला मी हीच गाडी नेतो, आणि 2029 नंतरही हीच न्यायची आहे.