स्विस रेल्वे आणि हाल्बटॅक्स कार्ड: तीन वर्षांच्या वापरानंतर

झुरिचला राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी हाल्बटॅक्स कार्ड काढले. वर्षाला २०० फ्रँकच्या आत मिळणाऱ्या या कार्डावर रेल्वे, पिवळ्या पोस्टबस आणि सरोवरांतल्या बहुतेक बोटींची तिकिटे निम्म्या दरात मिळतात. आज तीन वर्षांनी मला असे वाटते की स्विस माणूस ओळखायचा असेल, तर त्याच्या डोंगरांआधी त्याचे वेळापत्रक पाहावे.

१९८२ पासून इथल्या गाड्या दिवसभर ठरावीक अंतराने सुटतात. १९८७ मध्ये मतदारांनी ‘बान २०००’ (म्हणजे ‘रेल्वे २०००’) ही रेल्वेसुधारणेची योजना मंजूर केली; तिचे सूत्र होते, गाडी शक्य तितकी वेगवान नव्हे, तर आवश्यक तितकी वेगवान. म्हणूनच २००४ मध्ये नवा मार्ग सुरू करून झुरिच-बर्न प्रवास ५६ मिनिटांवर आणला गेला, कारण तो तासाच्या आत बसला की दोन्ही स्थानकांवर निरनिराळ्या दिशांच्या गाड्या एकाच सुमारास येतात आणि उतारूला पुढच्या गाडीसाठी ताटकळावे लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती, तेव्हा आम्ही व्हाल्स या डोंगरातल्या गावी गेलो. वाटेत खूर शहराच्या फलाटावर ती घड्याळाकडे पाहत उभी राहिली. तांबडा सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करून वरच्या टोकाशी थबकतो आणि मिनिटकाटा सरकला की पुन्हा निघतो. तिथून लाल मीटरगेज गाडी ऱ्हाइनच्या घळीतून इलांत्सला पोहोचली, तर स्थानकालगत व्हाल्सची बस उभीच होती. गुडघे धरून चालणाऱ्या आईला कुठेही घाई करावी लागली नाही, याचे मोल मला तिकिटाच्या पैशांत सांगता येणार नाही.

स्थानकांवर फाटके नाहीत. तिकीट डब्यात तपासतात आणि ते नसल्यास दंड जबर असतो. समोरचे आसन स्पष्ट रिकामे दिसत असले, तरी बसण्याआधी “इथे कोणी आहे का?” असे विचारण्याची रीत आहे. सुरुवातीला मला हा कोरडेपणा वाटे; आता कळते की दुसऱ्याची जागा आणि शांतता जपणे हीच इथली आपुलकीची पद्धत आहे.

उणीव एकच, पण मोठी: कार्डाशिवाय पूर्ण दराचे तिकीट फार महाग पडते. सवलतीचे ‘श्पारबिलेट’ स्वस्त असले, तरी ते ठरलेल्या गाडीलाच चालते, त्यामुळे लहान मुले किंवा वडीलधारी सोबत असताना ते घेऊ नये.

महाराष्ट्रातून आठ-दहा दिवसांसाठी येणाऱ्यांनी स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करू देणारा पर्यटकांचा पास) घेण्याआधी हिशेब जरूर करावा. युंगफ्राउयोख या उंचावरच्या पर्यटनस्थळी जाणाऱ्या रेल्वेच्या वरच्या टप्प्यावर त्या पासावर केवळ २५ टक्के सूट मिळते, तर पर्यटकांसाठीच्या महिनाभराच्या हाफ फेअर कार्डावर ५० टक्के.