पाच दिवस सलग की दर आठवड्याला एक संध्याकाळ? पिस्तुलाच्या क्लासची निवड

डॅलसच्या आसपासच्या आपल्या लोकांत हा प्रश्न हल्ली बरेचदा निघतो. घरात पिस्तूल आलं, एलटीसीचा, म्हणजे टेक्सासच्या पिस्तूल बाळगण्याच्या लायसन्सचा, वर्गही झाला, आता स्वसंरक्षणासाठी ते खरोखर वापरायला शिकायचं तर कुठे? एलटीसीची परीक्षा म्हणजे ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण की पास. त्यात होल्स्टरमधून, म्हणजे कमरेला लावलेल्या पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल काढावंच लागत नाही. शिवाय १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, त्यामुळे शिकायचं की नाही हे पूर्णपणे आपल्यावरच आलं आहे. मी दोन्ही प्रकारचे क्लास केलेत: शहरातल्या इनडोअर रेंजवरचा संध्याकाळचा, आणि ॲरिझोनातला पाच दिवसांचा. त्यावरून जे वाटतं ते सांगतो.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती आपल्यापैकी अनेकांना लागू पडते. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात का हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय क्लासचे पैसे भरू नका. ग्रीन कार्ड झालं असेल तर ही अडचण नाही.

संध्याकाळच्या वर्गाच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. ऑफिस सुटलं की जाता येतं, रात्रीच्या जेवणाला घरी परत. रजा मोडावी लागत नाही, आणि इथे वर्षाला मिळणाऱ्या दोन-तीन आठवड्यांच्या रजेतली बहुतेक भारतवारीसाठी राखलेली असते, हे काही कुणाला सांगायला नको. दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करता येतो, आणि हातात काही मुरायचं तर असा वेळ लागतोच. पाच दिवसांत जे शिकतो ते पुढे सराव नसेल तर काही महिन्यांत ओसरतं, हेही खरं. खर्चाचं तर बोलायलाच नको. पाच दिवसांची फी, विमान, हॉटेल, गोळ्या मिळून दोन हजार डॉलर सहज ओलांडले जातात.

विमानाचीही थोडी कटकट आहे. पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानात द्यायचं, एवढं सोपं. पण बहुतेक विमान कंपन्या गोळ्या ११ पौंडांपर्यंतच नेऊ देतात, आणि अशा कोर्सला लागणाऱ्या हजारेक ९ मिमी गोळ्यांचं वजन १२ किलोच्या घरात जातं. म्हणजे गोळ्या तिथेच विकत घ्यायच्या किंवा आधी तिकडे पाठवून द्यायच्या.

एवढं सगळं असूनही माझं मत दुसरीकडे झुकलं ते एका गोष्टीमुळे. इनडोअर रेंजवर मला इन्स्ट्रक्टरचं बोलणं ऐकूच यायचं नाही.

९ मिमी पिस्तुलाचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, आणि बंद खोलीत तो भिंतींवरून परत आदळतो. म्हणून कानात प्लग आणि वर मफ, अशी दुहेरी सोय करावी लागते. इलेक्ट्रॉनिक मफ हलका आवाज वाढवून ऐकवतात आणि बाराचा दाबतात, पण शेजारी सतत बार होत असतील तर ते सारखे दाबतच राहतात आणि माणसाचं वाक्य तुकड्या-तुकड्यांत पोहोचतं. आमच्या वर्गाला दोन-तीन लेन दिलेल्या असत, बाकीच्या गिऱ्हाइकांना खुल्या. पलीकडच्या लेनमध्ये कुणी टू-टू-थ्रीची आखूड रायफल काढली की छातीवर हवेचा दणका बसायचा. इन्स्ट्रक्टर खांद्याशी येऊन पकड बदलायला सांगे, मी मान हलवत असे, आणि प्रत्यक्षात निम्मंच समजलेलं असे.

ही नुसती गैरसोय म्हणून सोडून देता आली नसती. नवशिक्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दचकणं. गोळी सुटायच्या आधीच शरीर धक्क्याच्या तयारीने मनगट खाली दाबतं आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या टार्गेटवर खाली डावीकडे जाऊन बसतात. ते मोडायला मॅगझिनमध्ये मधेच एखादा डमी राउंड, म्हणजे न उडणारी खोटी गोळी, भरतात. ट्रिगर दाबल्यावर बार होत नाही, पण नळीचं टोक मात्र बुडतं, आणि मग कुणी वेगळं सांगावं लागत नाही. आता हा सराव चालू असताना शेजारी अवचित रायफल कडाडली तर आपण आपल्या बाराला दचकलो की त्याच्या, हे कसं कळणार? माझा अनुभव असा की त्या खोलीत दचकणं कमी होण्याऐवजी रुजत चाललं होतं. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

ॲरिझोनात उघड्या आभाळाखाली, समोर मातीचा उंच बांध. बार तेवढाच मोठा, पण तो पसरून जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे एका रांगेत उभे राहतात, आज्ञेवर गोळ्या झाडतात आणि आज्ञेवर थांबतात. मग शांतता. त्या शांततेत इन्स्ट्रक्टर एकेकाच्या मागे येऊन साध्या आवाजात बोलतो, आपण प्रश्न विचारतो, तो उत्तर देतो. शिकणं त्या मिनिटभरात होतं. माझा अंगठा पिस्तुलावर कुठे दाबतो हे शहरात कित्येक आठवडे सुटत नव्हतं, ते तिथे पहिल्याच दुपारी सुटलं.

या पद्धतीमागे मोठी परंपरा आहे. पिस्तूल प्रशिक्षक जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या पोल्डनजवळ शाळा काढली, आजचं गनसाइट ते हेच. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका, नेम धरला जाईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि टार्गेट कोणतं व त्याच्या मागे काय आहे हे जाणून घ्या: हे चार नियम त्यांनीच रुजवले. आज कुठल्याही रेंजच्या भिंतीवर ते सापडतील. पण बाजूला सरकत, मागे वळून बघत, होल्स्टरमधून पिस्तूल काढत आणि परत ठेवत ते पाळायला दोन पार्टिशनच्या मधल्या लेनमध्ये जागा नसते. अनेक इनडोअर रेंज तर एकट्याने सराव करताना होल्स्टरमधून काढूच देत नाहीत. अंधारात टॉर्च धरून केलेला सराव, अडकलेली गोळी न बघता मोकळी करणं, आणि गोळी न झाडण्याचे प्रसंग ओळखणं, हे सगळं पाच दिवसांत नीट झालं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

कुटुंबामुळे पाच दिवस निघता येत नसेल तर संध्याकाळचा वर्ग वाईट म्हणणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी विचारा: वर्गाच्या वेळी तो संपूर्ण हॉल तुमच्यासाठी बंद ठेवतात का? त्या हॉलमध्ये रायफल चालते का? होल्स्टरमधून काढायला शिकवतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही. नसेल, तर मी मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एखादा आठवडा ॲरिझोनासाठी राखून ठेवेन. उन्हाळ्यात तिथलं ऊन दुपारनंतर लक्ष टिकू देत नाही.