उल्लास: स्वयंसेवकाला पुस्तक मिळतं, पाठबळाचं काय?

केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची, म्हणजे ‘उल्लास’ची, सगळी मदार मानधन न घेणाऱ्या स्वयंसेवकावर आहे. २०२२-२३ ते २०२६-२७ अशी पाच वर्षांची योजना, १५ वर्षांवरचे असाक्षर, आणि शिकवायला कुठे नववीतली मुलगी, कुठे डी.एल.एड.ची (शिक्षक पदविकेची) विद्यार्थिनी, कुठे अंगणवाडीताई. प्रौढांना शिकवायची सवय यांतल्या फार थोड्यांना असते. तेव्हा या योजनेत शिकवणाऱ्याला मदत किती मिळते, तेवढंच इथे पाहू.

अ‍ॅपपासून सुरुवात करू. जुलै २०२३ मध्ये आलेलं उल्लास अ‍ॅप नोंदणीपुरतं चांगलं आहे. शिकणाऱ्याची नोंद, स्वयंसेवकाची नोंद, मग दोघांची जोडणी. जोडणी राहिली तर वर्ग चालू असूनही कागदावर दिसत नाही, म्हणून ती त्याच दिवशी उरकावी. मात्र कोण कोणाकडे शिकतंय एवढंच अ‍ॅपला कळतं. तास कसा झाला हे त्याला विचारू नका.

प्रवेशिका, म्हणजे शिकवायला मिळणारं वाचन-लेखनाचं पहिलं पुस्तक, ही या योजनेतली सगळ्यात भक्कम गोष्ट. आधी चित्र, त्यावर गप्पा, मग ओळखीचा शब्द आणि शेवटी त्या शब्दातलं अक्षर. हा क्रम मोठ्यांसाठी नेमका आहे. घोटाळा होतो तो असा, की स्वयंसेवक स्वतः ‘अ आ इ ई’नं शिकलेला असतो. गप्पा म्हणजे वेळकाढूपणा वाटून तो त्या टाळतो आणि थेट बाराखडीवर उडी मारतो. आठवड्याभरात वर्ग कंटाळतो, आणि मग ‘बायका येतच नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते.

स्वयंसेवकांचं प्रशिक्षण राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट) अशा उतरंडीनं खाली येतं. उतरंडीत दर पायरीला काहीतरी सांडतंच, आणि आधी सांडतं ते प्रात्यक्षिक. नव्वदीच्या दशकातल्या संपूर्ण साक्षरता मोहिमांतही हीच साखळी होती, हाच दोष होता. त्यामुळे प्रशिक्षणाला पास म्हणता येईल, पण काठावर.

खरी उणीव वर्गाला द्यायच्या भेटींची आहे. भेट म्हणजे हजेरी बघणं आणि फोटो काढणं नव्हे. स्वयंसेवकांना मदत करणाऱ्या मार्गदर्शकानं मागे बसून वीस मिनिटं गप्प पाहावं. शिकवणारा किती बोलतो आणि शिकणाऱ्याच्या हातात पेन्सिल किती वेळ असते, याची नुसती खूण करत जावी. वीसातली पंधरा मिनिटं एकच जण बोलत असेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

आणखी काय बघायचं? आधी डोळे. चाळिशी उलटलेल्या बाईला अक्षर ‘जमत नाही’ असं वाटलं, तर सुईत दोरा ओवता येतो का ते विचारावं. येत नसेल तर अडचण चष्म्याची आहे, बुद्धीची नाही. जवळचा चष्मा मिळेपर्यंत फळ्यावर चार बोटं उंचीची अक्षरं काढावीत. मग हात. खुरपं धरलेला हात पेन्सिल इतकी दाबतो की टोक मोडतं आणि मनगट दुखतं. पहिले तीन-चार दिवस जाड खडूनं पाटीवर आडव्या-उभ्या रेघा, वही नंतर.

मराठीचे म्हणून काही खड्डे आहेत, ते स्वयंसेवकाला कुणी तरी आधीच दाखवायला हवेत. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून शिकणारा ५२ लिहितो. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येऊन लिहायचे असतात २९. अशा वेळी चूक खोडू नये. दहाच्या दोन नोटा आणि एकाची पाच नाणी पुढे मांडावीत, आधी नोटा मोजायच्या, मग सुटे. हिशोब या लोकांना उत्तम येतो, फक्त लिहिता येत नाही. रोजंदारीचा तोंडी हिशोब करणाऱ्या माणसाला एक ते शंभरची उजळणी घोकायला लावणं हा त्याचा अपमानच. मोबाइलवर इंग्रजी अंक येतात, म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहावेत. वाचनात घ-ध, भ-म यांची गल्लत होते. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर, काढायची असते अक्षराआधी. हे एकदा तरी सावकाश हात धरून दाखवावं लागतं.

भेटीनंतर स्वयंसेवकाशी बोलायचं ते वर्गाबाहेर. एक चांगली गोष्ट, एकच सुधारणा. पाच सूचना दिल्या तर तो त्यातली एकही पाळत नाही. शिकवणारी चौदा वर्षांची असेल आणि समोर मावशी, आजी असतील, तर सगळ्यांसमोर दुरुस्ती झाली की दोन्हीकडची मान खाली जाते. एका मार्गदर्शकाकडे पाच-सहा स्वयंसेवक आणि पंधरवड्याला एक बैठक, हे जमण्यासारखं आहे. बैठकीत प्रत्येकानं एका शिकणाऱ्याच्या वहीचं एक पान आणायचं, बस.

शिकणाऱ्यांच्या परीक्षेची मांडणी मात्र समंजस आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० असे १५० गुण, तीन तास, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के. महाराष्ट्रात पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. प्रत्येक भागात वेगळं पास व्हायचं असल्यामुळे संख्याज्ञानात ४० मिळवणारा गडीही लेखनात १७ गुण न गाठल्यानं अडकू शकतो. तेव्हा मार्चच्या परीक्षेआधी, जानेवारीतच, तिन्ही भागांची एक घरगुती चाचणी घ्यावी. लेखनात मागे असणाऱ्यांना रोज स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि एक वाक्य एवढंच लिहायला द्यावं. उरलेले आठवडे प्रवेशिकेची पानं पुढे ढकलण्यात घालवू नयेत.