अलिबागची बेने इस्राएल वारसाफेरी आणि मलिदा: एक अभिप्राय

अलिबागमध्ये एका स्थानिक संयोजकाने आखलेली बेने इस्राएल या कोकणातील ज्यू समाजाची वारसाफेरी आणि तिला जोडून होणारा ज्यू शिकवणुकीचा वर्ग, हा कार्यक्रम श्रद्धेचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाने अवश्य अनुभवावा. फेरी 1848 मध्ये स्थापन झालेल्या मागेन अबोथ सिनेगॉगपासून (ज्यू प्रार्थनास्थळापासून) सुरू होते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. स्वधर्मीयांपासून दूर राहूनही पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या या समाजाबद्दल ऐकताना, आशा ही दर आठवड्याला आचरणात आणायची गोष्ट आहे, हे मनोमन पटते.

सर्वांत मोलाचा भाग मलिद्याचा, म्हणजे या समाजाच्या कृतज्ञतेच्या विधीचा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वेलची यांच्या ताटात फळे मांडतात, संदेष्टा एलियाहूचे स्मरण करतात आणि फळ खाण्यापूर्वी आशीर्वचन म्हणतात. खजुरासाठी झाडाच्या फळाचे, तर केळ्यासाठी जमिनीच्या पिकाचे, कारण केळीचे खोड वर्षानुवर्षे टिकणारे नसते. एका घासामागे इतकी कृतज्ञता! ‘श्रीमंत कोण? आपल्या वाट्यात आनंद मानणारा’ हे ‘पिर्के अवोथ’ या ज्यू नीतिवचनांच्या ग्रंथातील बेन झोमा या धर्मपंडिताचे वचन त्या ताटासमोर जसे उमगले, तसे एरवी क्वचितच उमगले असते.

वर्गाला वेळ मात्र फार अपुरा दिला आहे, आणि हिब्रू प्रार्थनांचे मराठी टिपण हाती द्यायलाच हवे. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा शब्बाथ शनिवारी संध्याकाळपर्यंत चालत असल्याने रविवारची फेरी निवडणे सोयीचे ठरते.