ठेकेदाराकडे जावं की कंपनीत मुदतीवर? आयटीआय झालेल्यांसाठी

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला नोकरी शोधायला गेलात की तीन प्रकारच्या जागा कानावर येतात: कायम, कंपनीची मुदतबंद (म्हणजे ठरावीक तारखेपर्यंतची) आणि ठेकेदारामार्फतची.

कायमची मिळाली तर डोळे झाकून घ्या, पण तिच्यासाठी घरी बसून राहू नका. १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी सक्तीची झाली. १९८२च्या दुरुस्तीने हा आकडा १०० वर आणला. जे आत होते त्यांना भक्कम संरक्षण मिळालं. कंपन्या मात्र नवीन माणूस कायम करायला कचरू लागल्या. २४० दिवस भरले की कामगार हक्क सांगू शकतो, म्हणून सात महिन्यांवर ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे त्याआधीच कामावरून थांबवण्याची रीत पडली. आज संघटित कारखान्यांतल्या दर दहा कामगारांमागे साधारण चार ठेकेदाराचे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मर्यादा पुन्हा ३०० केली आहे, पण तेवढ्यावर कायमच्या जागा भराभर निघतील असं मला वाटत नाही.

म्हणजे खरी निवड उरलेल्या दोनांतच आहे.

ठेकेदाराकडे काम लवकर लागतं, मुलाखतही नावालाच. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते, हा मोठा आधार आहे. पण पगाराच्या स्लिपवर नाव ठेकेदाराचं. ठेका बदलला की माणूस त्याच मशीनवर उभा असतो आणि त्याची नोकरी कागदोपत्री पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशासाठी, लागणारी सलग पाच वर्षं अशाने भरतच नाहीत. मला याची फार चीड येते.

मुदतबंद नोकरीत तुम्ही थेट कंपनीच्या रोलवर असता. तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतका पगार आणि सवलती देणं बंधनकारक आहे, आणि ग्रॅच्युइटी एका वर्षानंतरच लागू होते. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहे, तर महिना २६ दिवसांचा धरून वर्षामागे १५ दिवसांच्या हिशोबाने ९,००० रुपये होतात. दुबळी बाजू एकच, पण मोठी: मुदत संपली की ती कपात धरली जात नाही, त्यामुळे नुकसानभरपाई मिळत नाही. पुढची मुदत देणं कंपनीच्या मर्जीवर.

ठेकेदार हातात हजार-दोन हजार जास्त देत असला तरी मी मुदतबंद जागाच घ्या म्हणेन. अपवाद एकच. मुदतबंद जागेवर नुसतं पॅकिंग असेल आणि ठेकेदाराकडे सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) सेटिंग शिकायला मिळत असेल, तर ठेकेदाराकडे जा. ब्रेक मिळाल्यावर दुसरीकडे उभं राहायला ते कामच उपयोगी पडतं.

कुठेही जा, नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय मशीनला हात लावू नका. त्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे आणि मुदतीची शेवटची तारीख लिहिली आहे का, ते वाचा. दोन पगार झाले की पीएफच्या पासबुकात पैसे जमा झालेत का ते मोबाइलवर बघा. नसतील तर ब्रेकची वाट न बघता भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार करा.